सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही : जुन्या एमपीएफआय गाडीचे निदान कोणत्या क्रमाने करावे

आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. 2004 सालची, चार सिलिंडरची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल गाडी. काही वर्षांपूर्वी तिला बाहेरून सिक्वेन्शिअल (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस देणारे) सीएनजी किट बसवलेले आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळील सोसायटीच्या वाहनतळात ती जूनपासून दिवाळीपर्यंत उभी होती आणि आता किल्ली फिरवल्यावर सेल्फ जोमाने फिरतो, परंतु इंजिन पकडत नाही. बॅटरी नवी घातली, चारही प्लग बदलले, टाकीतील पंपही बदलला. जुने प्लग काढले तेव्हा ते कोरडे होते. आता ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेला असून तो बदलावा लागेल असे आपल्याला सांगण्यात आले आहे, आणि तो बदलावा का, हा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, आज तरी बदलू नये. ईसीएम खराब होतच नाही असे नाही. परंतु आपण दिलेल्या संपूर्ण माहितीत बदललेल्या भागांची नावे आहेत आणि मोजमाप मात्र एकही नाही. ठिणगी पडते का, इंजेक्टरला (पेट्रोल फवारणाऱ्या तोटीला) आदेश पोहोचतो का, रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) पेट्रोलचा दाब किती आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ईसीएमवर बोट ठेवणे हे निदान नसून अंदाज आहे. ही तपासणी एक मल्टिमीटर, एक एलईडी चाचणी दिवा, एक स्पार्क टेस्टर आणि इंधनदाब मोजण्याचे गेज एवढ्या साहित्यावर होते. खालील क्रम मी सातपूर-अंबड भागातील कामात वर्षानुवर्षे वापरत आलो आहे आणि आपल्या गाडीला तो जसाच्या तसा लागू पडतो.

प्रथम क्रमामागचे कारण समजून घ्यावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत ‘करंट’ आणि पेट्रोल या दोन स्वतंत्र व्यवस्था होत्या; एक बिघडली तरी दुसरीला त्याचा पत्ता नसे. एमपीएफआयमध्ये ठिणगीची वेळ आणि इंजेक्टरचे उघडणे या दोन्ही गोष्टी एकच ईसीएम ठरवतो, आणि तो हे काम क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याची खबर मिळाल्यावरच सुरू करतो. इंजिन फिरत नसेल तर काही क्षणांत पंप बंद करणे आणि सेल्फ मारताना पुन्हा चालू करणे हेही याच खबरीवर अवलंबून असते. म्हणून ‘करंट नाही की पेट्रोल नाही’ असे विचारण्याआधी ‘दोन्ही नाहीत की एकच नाही’ असे विचारावे. दोन्ही नसतील तर दोष त्या दोहोंच्या वर, म्हणजे क्रँकचा संकेत, ईसीएमचा वीजपुरवठा, अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी जोडणी) किंवा सुरक्षा यंत्रणा यांत असतो. एकच नसेल तर त्या एका शाखेत. हा एक प्रश्न निम्मे काम वाचवतो, आणि आपल्या गाडीवर तो अद्याप कोणी विचारलेला दिसत नाही.

सुरुवात बॉनेट न उघडता करावी. सेल्फ न मारता किल्ली फक्त ‘ऑन’वर आणावी आणि डॅशबोर्डकडे पाहावे. इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, आणि बल्ब उडालेला नसेल, तर ईसीएमला वीजच मिळत नाही असे समजून थेट मेन रिले, त्याचा फ्यूज आणि ईसीएमचा अर्थ यांकडे जावे. इतर काही उघडू नये. दिवा लागत असेल तर ईसीएमला निदान काही प्रमाणात तरी पुरवठा आहे. त्याच क्षणी मागच्या सीटजवळ कान दिल्यास टाकीतील पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबल्याचे ऐकू यावे. मग सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो इंजिन पकडण्यापूर्वीच किंचित हलतो; तसा हलला तर क्रँकचा संकेत येत आहे याची ती खूण असते. न हलल्यास मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण सर्वच गाड्यांत तो इतक्या कमी वेगाला हलत नाही.

किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्लीला ओळखत नाही. दुसरी मूळ किल्ली असल्यास तीच वापरून पाहावी. त्या काळातल्या गाड्यांबाबत याहून अधिक सापडणारा प्रकार म्हणजे बाजारातून बसवलेली रिमोटची सिक्युरिटी सिस्टीम. तिचा एक रिले इग्निशनच्या किंवा पंपाच्या वायरीत कापून जोडलेला असतो, आणि वीस वर्षांनी त्या जोडावरची टेप सुटून आतील तांबे हिरवे पडलेले असते. रिमोट केव्हाच हरवलेला असतो, यंत्रणा आहे हेही मालक विसरलेले असतात, पण रिले मात्र वायरीत बसून असतो. स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण काढून असा काही जोड दिसतो का हे जरूर पाहावे, आणि दिसल्यास तो काढून मूळ वायर सोल्डर करून घ्यावी.

बॅटरी नवी आहे, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही; परंतु एक माप घ्यावे. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना ती 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये. याहून खाली गेल्यास सेल्फ फिरत राहतो, पण ईसीएम मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि मग इंजिन नुसतेच फिरत राहते. हेच माप मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून पुन्हा घ्यावे. सेल्फ फिरत असताना तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर बॅटरी, बॉडी आणि इंजिन यांमधील अर्थची वायर किंवा पट्टी गंजली आहे. ईसीएमच्या अर्थची वायर अनेक गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डवरील एका साध्या बोल्टला बांधलेली असते. तो बोल्ट सोडून, खालची जागा घासून, पुन्हा घट्ट करणे एवढ्यानेही काही गाड्या सुरू होतात. हा भाग इतका साधा आहे की त्याकडे कोणी पाहत नाही.

जुन्या इग्निशन स्विचची एक खास खोड येथेच सांगतो. स्विचच्या आतील पितळी पट्ट्या झिजल्या की ‘ऑन’ला पुरवठा येतो, दिवेही लागतात, पण किल्ली ‘स्टार्ट’ला नेताच इग्निशनचा पुरवठा तुटतो. अशी गाडी सेल्फ मारताना मुळीच पकडत नाही आणि किल्ली सोडण्याच्या नेमक्या क्षणी एखादा ठोका देते. आपल्या गाडीत असे होते का, हे शांतपणे ऐकावे. होत असल्यास कॉइलच्या धन वायरीवर सेल्फ फिरत असताना व्होल्टेज मोजले की दोष उघड होतो.

आता बॉनेट उघडू. ठिणगी तपासण्यासाठी प्लग काढून तो इंजिनावर टेकवण्याची सवय सर्वत्र आहे. ती मी नाकारतो, कारण उघड्या हवेत लहान फटीतून पडणारी ठिणगी सिलिंडरमधील कॉम्प्रेशनच्या दाबाखाली पडेलच असे नाही, आणि शेजारी पेट्रोलची वाफ असल्यास आग लागू शकते. फट जुळवता येणारा स्पार्क टेस्टर स्वस्त मिळतो. त्याची चिमटी इंजिनाला घट्ट लावावी, इंजेक्टरचे कपलर (वायरींची जोडणी-टोके) काढून ठेवावेत आणि मगच सेल्फ मारावा. ठिणगी निळसर, कडक आवाजाची आणि नियमित असावी; पिवळी व तुटक ठिणगी ही कमकुवत कॉइलची किंवा पुरवठ्याच्या अभावाची खूण आहे. हाय टेन्शन वायर (कॉइलकडून प्लगकडे जाणारी) उघडी सोडून सेल्फ कधीही मारू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतील इन्सुलेशन फोडते, आणि इग्नायटर किंवा ईसीएम यांनाही इजा करू शकते. गाडी डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी एकेका प्लगला वाटून देणाऱ्या भागाची) असेल तर पावसाळ्यानंतर टोपी काढून आतून पाहावी. ओलीमुळे तेथे केसासारख्या काळ्या रेषा उमटतात आणि ठिणगी त्या रेषांवरून भलतीकडे पळते. ती टोपी पुसून चालत नाही, बदलावीच लागते.

यानंतर इंजेक्टर. इंजेक्टरच्या दोन वायरींपैकी एकीवर किल्ली ‘ऑन’ असताना कायम 12 व्होल्ट असतात आणि दुसरी ईसीएम क्षणभर अर्थ करून इंजेक्टर उघडतो. म्हणून केवळ 12 व्होल्ट मिळाले म्हणजे इंजेक्टर चालतो असे होत नाही. त्याच्या कपलरमध्ये एलईडीचा चाचणी दिवा लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर आदेश येत आहे. येथे साधा बल्बचा टेस्ट लॅम्प वापरू नये, कारण त्याने ओढलेला प्रवाह ईसीएममधील ट्रान्झिस्टरला जड होऊ शकतो. इंजेक्टरचा स्वतःचा रोधही मोजून ठेवावा. या प्रकारच्या गाड्यांत तो बहुधा 12 ते 16 ओहमच्या आसपास असतो, आणि चारही इंजेक्टर एकमेकांशी जुळणे हे नेमक्या आकड्याहून अधिक महत्त्वाचे आहे.

ठिणगी नाही आणि दिवाही लुकलुकत नाही, असे निष्पन्न झाले तर पहिला संशय क्रँक सेन्सरचा. काही इंजिनांत तो क्रँक पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ असतो, काहींत डिस्ट्रिब्युटरच्या पोटात. दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर असल्यास त्याचा रोध मोजता येतो. तो मॉडेलनुसार काही शे ते दोन-एक हजार ओहम असतो, आणि नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. त्याहून खरी परीक्षा म्हणजे मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारणे. फिरत्या इंजिनावर अर्धा व्होल्ट किंवा अधिक मिळायला हवा. काहीच न मिळाल्यास सेन्सर, त्याची फट किंवा त्याची वायर यांपैकी एक गेले आहे. तीन वायरींचा हॉल प्रकारचा सेन्सर मात्र ओहममीटरने तपासू नये; त्याचा पुरवठा व अर्थ तपासून, संकेताची वायर एलईडीने किंवा ऑसिलोस्कोपने पाहावी. स्कॅनर (ईसीएममधील माहिती वाचणारे उपकरण) लागत असेल तर सेल्फ मारताना इंजिनाचा वेग वाचावा. मिनिटाला साधारण 150 ते 300 फेरे दिसले तर ईसीएमला क्रँक दिसतो. शून्य दिसले तर दिसत नाही.

क्रँक सेन्सरचा दुसरा अवतार नाशिककरांच्या परिचयाचा आहे, फक्त त्याचे नाव त्यांना ठाऊक नसते. मुंबईहून येताना कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला किंवा घोटीला चहासाठी थांबते, आणि निघताना सुरूच होत नाही. अर्ध्या तासाने काहीही न करता सुरू होते. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि वारा दोन्ही थांबतात, ब्लॉकची उष्णता सेन्सरमध्ये शिरते, आतील बारीक तारेचा तुटका जोड प्रसरणाने उघडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा मिटतो. अशा गाडीवर गॅरेजमध्ये थंड अवस्थेत केलेले प्रत्येक माप निर्दोष येते. म्हणून तक्रार गरम इंजिनाची असेल तर मापही गरम इंजिनावरच घ्यावे. आपली गाडी थंडच सुरू होत नाही, तेव्हा हा प्रकार आपल्याला लागू नाही. तरी पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून लिहिले.

आता आपल्या गाडीत जे मला सर्वाधिक संभवनीय वाटते त्याकडे येतो. प्लग कोरडे निघाले, याचा अर्थ बराच वेळ सेल्फ मारूनही सिलिंडरमध्ये पेट्रोल पोहोचलेले नाही. पंपाचा आवाज येत असेल तरी पंप फिरणे आणि दाब तयार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय सीएनजी किट आहे. अशा वेळी मी प्रथम किटच्या वायरींकडे जाईन. सिक्वेन्शिअल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या चारही वायरी कापून त्या किटच्या एम्युलेटरमधून फिरवलेल्या असतात, म्हणजे गॅसवर चालताना त्याला पेट्रोलचे इंजेक्टर तोडता यावेत. बॉनेटखालच्या ओलीत पाच महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे जोड गंजतात, किंवा उंदीर त्या वायरी कुरतडतात. ईसीएम आदेश देत असतो, पण तो एम्युलेटरपाशीच अडतो, आणि मग निर्दोष ईसीएमला दोषी ठरवले जाते. पुष्कळ किटमध्ये मूळ जोडणी परत करणारा कपलर दिलेला असतो. तो लावून किट पूर्णपणे बाजूला काढावे आणि पुन्हा चाचणी दिवा लावावा. आता दिवा लुकलुकला तर दोष सापडला.

त्याच किटचा आपल्याला एक मोठा फायदाही आहे. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये गॅस असेल, त्या सिलिंडरची तीन वर्षांनी करावयाची चाचणी मुदतीत असेल आणि किटमध्ये थेट गॅसवर सुरू करण्याची सोय असेल, तर गाडी गॅसवर सुरू करून पाहावी. बऱ्याच किटमध्ये त्यासाठी सीएनजीचे बटण दाबून ठेवून किल्ली फिरवावी लागते. गॅसवर इंजिन सुरू झाले तर ठिणगी, क्रँकचा संकेत, टायमिंग आणि कॉम्प्रेशन हे सारे एका फटक्यात निर्दोष ठरते, ईसीएमवरचा संशय बराच हलका होतो, आणि शोध केवळ पेट्रोलच्या मार्गापुरता उरतो. गॅसच्या नळीला, व्हॉल्वला किंवा रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) मात्र स्वतः हात लावू नये. भरलेल्या सिलिंडरमधील दाब 200 बारच्या घरात असतो आणि ते काम किट बसवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीचेच आहे.

इंजेक्टरला आदेश येत असूनही प्लग कोरडे असतील तर इंधनदाब मोजावा. परतीची नळी असलेल्या रचनेत तो साधारण अडीच ते तीन बार आणि परतीविना रचनेत तीन ते साडेतीन बारच्या आसपास अपेक्षित असतो. जुन्या भारतीय गाड्यांच्या रेलवर गेज लावण्याचा तयार निपल बहुधा नसतो, त्यामुळे नळीत टी-जोड घालावा लागतो; त्याआधी पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारून दाब उतरवावा आणि जवळ अग्निशामक ठेवावा. पंप नवा असूनही दाब येत नाही असे चित्र दिसल्यास मी चार ठिकाणी पाहतो. टाकीच्या आत पंप आणि झाकण यांमधील छोटी होज फाटलेली किंवा क्लॅम्पविना बसवलेली असणे. पंपाची धन-ऋण टोके उलट जोडली जाणे, ज्यामुळे पंप उलटा फिरून आवाज नेहमीसारखा करतो पण दाब देत नाही. पंपापर्यंत पोहोचणारे व्होल्टेज बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्टने कमी असणे. आणि दाब नियंत्रक उघडा अडकून सारे पेट्रोल टाकीतच परत जाणे. यांपैकी पहिला दोष नव्या पंपानंतर सर्वांत जास्त आढळतो, म्हणून टाकीचे झाकण पुन्हा उघडण्यास संकोच करू नये.

सीएनजीच्या मालकांना येथे एक कळकळीची विनंती आहे. गॅसवर गाडी चालवायची म्हणून टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल ठेवण्याची सवय सोडावी. टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतालच्या आणि स्वतःमधून जाणाऱ्या पेट्रोलमुळे; ते कमी झाले की पंपाचे आयुष्य आपण स्वतःच कमी करत असतो. निदान पाव टाकी पेट्रोल कायम असावे आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी, म्हणजे इंजेक्टरही सुकून अडकत नाहीत.

पेट्रोलच्या वयाचाही विचार करावा. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आहे. इथेनॉल पाणी शोषते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, म्हणजे नेमके तेथेच, जेथे पंपाची जाळी असते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या, अर्धवट रिकाम्या टाकीत हे सहज घडू शकते. रेलच्या नळीतून पाव लिटर इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले, किंवा ताज्या पेट्रोलऐवजी वॉर्निशसारखा उग्र वास आला, तर टाकी रिकामी करून, फिल्टर बदलून ताजे पेट्रोल भरल्याखेरीज पुढे जाऊ नये. 2004 सालच्या गाडीतील रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगल्या किंवा तडकल्या आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

ठिणगी आहे पण इंजेक्टरला आदेश नाही, आणि किटही बाजूला काढलेले आहे, अशी स्थिती उरली तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (हवेची झडप किती उघडी आहे हे सांगणारा) तपासावा. हे कारण क्वचितच कोणाच्या लक्षात येते. इंजिन ओव्हरफ्लो झाल्यास (सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल साचल्यास) चालकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा आणि ईसीएमने तेवढ्यापुरते पेट्रोल बंद करावे, अशी सोय पुष्कळ एमपीएफआय गाड्यांत आहे. हा सेन्सर बिघडून पाय न लावताच थ्रॉटल पूर्ण उघडे असल्याचे सांगू लागला, तर ईसीएम त्यावर विश्वास ठेवून सेल्फ मारताना इंजेक्टर बंदच ठेवतो. थ्रॉटल मिटलेले असताना संकेताच्या वायरीवर साधारण अर्धा ते एक व्होल्ट असावेत आणि हळूहळू उघडताना ते सलग वाढत साडेचारच्या आसपास जावेत.

स्कॅनर उपलब्ध असल्यास आणखी दोन वाचने घ्यावीत. रात्रभर उभ्या गाडीत शीतकाचे (कूलंटचे) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे असले पाहिजे. निफाडच्या बाजूला थंडीत पहाटे पारा एक आकडी होतो. अशा सकाळी स्कॅनर शीतक 80 अंश सांगत असेल तर ईसीएम थंड इंजिनाला गरम समजून फार थोडे पेट्रोल देईल, आणि उणे 40 सांगत असेल तर सेन्सरचे सर्किट तुटलेले असून प्लग भिजेपर्यंत पेट्रोल ओतले जाईल. दुसरे वाचन मॅप सेन्सरचे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचे. इंजिन बंद, किल्ली ‘ऑन’ असताना तो केवळ वातावरणाचा दाब दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असल्याने येथे 94-95 किलोपास्कल हे बरोबर उत्तर आहे. पुस्तकातील 101 हा आकडा समुद्रसपाटीचा असल्यामुळे तो पाहून सेन्सर बदलण्याची गरज नाही. त्या काळातील काही गाड्यांना आजचे स्कॅनर जुळत नाहीत. त्यांत फ्यूजबॉक्समधील किंवा डॅशबोर्डखालील चाचणी कपलर जोडून इंजिनाच्या दिव्याची उघडझाप मोजावी लागते.

ठिणगी, आदेश आणि दाब ही तिन्ही मापे बरोबर आली तरी इंजिन पकडत नसेल, तर यांत्रिक बाजू उरते. तेल भरण्याचे झाकण काढून सेल्फ मारावा आणि आतील रॉकर किंवा कॅम (व्हॉल्व उघडणारे भाग) हलतात का ते पाहावे. हलत नसतील तर टायमिंग बेल्ट (क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा) तुटला आहे. अशा वेळी सेल्फचा आवाजही नेहमीपेक्षा हलका आणि वेगवान येतो. लगेच थांबावे, कारण अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्ववर आदळतो. बेल्ट तुटलेला नसून एक-दोन दात सरकलेला असेल तर खुणा जुळवून पाहाव्या लागतात. कॉम्प्रेशन मोजताना सर्व प्लग काढावेत, ठिणगी व इंजेक्टर दोन्ही बंद करावेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवावे. 11-12 बारच्या आसपासचे, परंतु सर्व सिलिंडरमध्ये जवळपास समान आकडे समाधानकारक मानावेत. प्लग पुढे कधी ओले निघाले आणि चारही सिलिंडरचे आकडे सारखेच कमी आले तर इंजिन संपले असे समजू नये. वारंवार सेल्फ मारल्याने पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडे वर आल्यास इंजिन शाबूत आहे. एअर फिल्टरच्या पेटीत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी उंदरांनी घरटे केलेले नाही ना, हेही या टप्प्यावर बघून घ्यावे.

गाडी धक्का मारून सुरू करण्याचा आग्रह या काळात कोणी केल्यास नकार द्यावा. सेल्फ चांगला फिरत असताना धक्क्याने काहीही साधत नाही, उलट न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठते आणि इंजिन पकडताच त्याला जाळते.

ईसीएमचा विचार यानंतर. त्याच्या कपलरवर कायमचा पुरवठा, इग्निशनचा पुरवठा आणि प्रत्येक अर्थ स्वतंत्रपणे, सेल्फ फिरत असताना मोजावा. अर्थच्या टोकावर 0.1 व्होल्टहून अधिक दिसू नये. सेन्सरांना जाणारा 5 व्होल्टचा पुरवठा मोजावा. तो शून्याजवळ असेल तर तेवढ्यावरून ईसीएम गेला असे म्हणू नये. एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्याचा कपलर काढताच 5 व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचा पुरवठा खाली ओढत असते. हे सारे ठीक असूनही ईसीएम आदेश देत नसेल तरच तो उघडावा. अनेक गाड्यांत तो डॅशबोर्डखाली पायांजवळ असतो. गोदाकाठच्या किंवा तळघरातील वाहनतळात पाणी शिरलेल्या गाडीत तेथील गालिचा उचलून ओल पाहावी. आतील सर्किट बोर्डवर हिरवा गंज किंवा फुगून पाझरलेले कपॅसिटर दिसले तर अनुभवी इलेक्ट्रॉनिक्स कारागीर ते दुरुस्त करू शकतो, आणि जुन्या गाडीसाठी तोच मार्ग मला श्रेयस्कर वाटतो. भंगारातून आणलेला ईसीएम घालण्यापूर्वी त्यावरील भागक्रमांक अक्षर-अक्षर जुळवावा आणि इमोबिलायझर असल्यास त्याची नोंद नव्याने करता येईल का याची खात्री आधीच करून घ्यावी. अन्यथा चांगला ईसीएम घालूनही इंजिन मूकच राहील आणि दोष शोधणे दुप्पट अवघड होईल.

आपल्या गाडीची पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झालेली असणार, म्हणजे तिच्यासाठी आपण आधीच कष्ट घेतले आहेत. तेव्हा आता पुढील क्रमाने काम करून घ्यावे: किट मूळ जोडणीवर आणून बाजूला करावे, स्पार्क टेस्टरने ठिणगी पाहावी, एलईडी दिव्याने चारही इंजेक्टरचा आदेश पाहावा, रेलमधील दाब मोजावा आणि बाटलीत काढलेले पेट्रोल पाहावे. सेल्फ मारतानाचे बॅटरीचे व्होल्टेजही सोबत लिहावे. ही मापे आकड्यांसह कळवल्यास पुढील पायरी कोणती, हे मी नेमकेपणाने सांगू शकेन. तोपर्यंत ईसीएमची आगाऊ रक्कम कोणालाही देऊ नये.